ओवाळणीत दिलेली बॅटरी

मे महिन्यात वावधान, म्हणजे वादळ, आलं तेव्हा आमच्या गल्लीत अकरा घरांवर सोलर होतं, आणि अकराही घरांचे अर्ज मी भरलेले होते. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावी एका शाळेत मी कारकून आहे. तेवीस वर्षं अर्ज भरणं, भरून घेणं आणि चुकलेले अर्ज परत करणं हेच माझं काम. त्यामुळे गल्लीत कोणाकडे कसलाही कागद आला की तो घेऊन माणूस आमच्या घरापुढच्या छपरीत येतो. सोलरची सरकारी योजना आली तेव्हा तीही तशीच आली.

पहिलं घर आमचं. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी गच्चीवर पॅनल लागले. बसवणारा गावातलाच, मोटर वाइंडिंगचं दुकान असलेला. पन्नाशीचा माणूस, बोटं वार्निशने कायमची पिवळी, बोलायला कमी. उन्हाळ्यात जळालेल्या मोटरी बांधून बांधून कंटाळला होता, म्हणून या धंद्यात शिरला. त्याने लोखंडी सांगाडा इतका पक्का बसवला की मी त्याला म्हटलं, घर पडलं तरी हे राहील. तो म्हणाला, "राहीन ते."

नवऱ्याला मी बोलताना आणि लिहिताना 'हे' म्हणते. सवय आहे. हे अठ्ठावीस वर्षं जिनिंगमध्ये होते. कापूस सरकी काढणाऱ्या रेच्यातून जातो तेव्हा हवेत बारीक तंतू उडतात. धुकं असावं तसा सगळा हॉल पांढरा दिसतो. त्या धुक्यात अठ्ठावीस वर्षं. लग्न झालं तेव्हापासून मी पाहत आले की रविवारी सुट्टी घेतली की सोमवारी छाती भरते. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या सगळ्या बायकांना सोमवारचा हा दम माहीत होता. आम्ही त्याला गूळ आणि हळद द्यायचो. पुढे मंगळवारीही दम लागायला लागला, मग आठवडाभर. काम सुटलं आणि हे छपरीत खुर्ची टाकून बसायला लागले.

रिकाम्या माणसाला सोलरने काम दिलं. मोबाइलवर दिसतं, आज छताने किती युनिट वीज तयार केली. हे दिवसातून वीस वेळा बघायचे आणि सूर्य उतरला की गल्लीला आकडा सांगायचे. समोरच्या घरातले मास्तर रोज सायकल आत घेता घेता विचारायचे,

"काय भाऊ, गाय किती देऊन राह्यली?"

"चौदा! अन् चारा काईच नाई."

"शेण?"

"शेणबी नाई. तुमच्यासारखी पोयटावाली गाय नाई हे."

मास्तरांच्या घरी खरंच एक गाय होती, दारात शेणाचे पोयटे टाकणारी. तिसऱ्याच महिन्यात मास्तरांनीही सोलर घेतलं. मग शेजारच्या काकूंनी. मग पलीकडच्या दोन भावांनी, एकमेकांशी बोलणं नसताना, एकाच दिवशी. संध्याकाळी गल्लीत आकड्यांची चढाओढ चाले. कोणाचे बारा, कोणाचे साडेबारा. ज्याचे कमी, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनल पुसलेले असायचे. बिल शून्याच्या आसपास आलं, कूलर दिवसभर चालायला लागले, बायका मिक्सर सोडून पाट्याला हात लावेनात. मी स्वतः सांगत फिरायचे की पंचवीस वर्षं चिंता नाही. खोटं नव्हतं. आजही मी हेच सांगेन, फक्त पूर्ण सांगेन.

आता बॅटरीचं सांगते.

आमच्याकडे लोडशेडिंगच्या काळात घेतलेला इन्व्हर्टर होता. लाइन गेली की बॅटरीवर पंखा आणि दोन दिवे चालायचे. प्रत्येक घरात असायचा. छपरीच्या कोपऱ्यात ती काळी बॅटरी, तिच्याखाली तेजाबाने खाल्लेली फरशी, आणि दर दोन महिन्यांनी तिच्यात पाणी टाकायचं काम माझ्याकडे. सोलर लागलं आणि मला ती खुपायला लागली. छतावर वीज तयार होत असताना हे डबडं कशाला? दिवाळीच्या सफाईत मी ठरवलं, हे घरातून जाणार.

भाऊबीजेला नणंद आली. तळेगावला, म्हणजे श्यामजी पंताच्या तळेगावला, ती दिली आहे. आमच्याकडून दोन-अडीच तासांचा रस्ता. तिची सून पोटुशी होती, उन्हाळ्याच्या तोंडावर बाळंत होणार होती, आणि त्यांच्याकडे दुपारी लाइन हमखास जायची. मी यांना म्हटलं, बॅटरी बाईला द्या. ओवाळणीत द्या. यांना कल्पना एकदम पटली. बॅटरी काही ताटात मावत नव्हती, म्हणून यांनी तिचं गॅरंटी कार्ड ताटात ठेवलं.

नणंदेने निरांजन खाली ठेवून कार्ड उलटं-सुलटं केलं. "दादा, लोकाईचे भाऊ साड्या देऊन राह्यले, अन् तू मले कागद देतं?"

"कागद नाई, हवा देऊन राह्यलो तुले. साडी दोन धुण्यात जाते."

"हवा! अन् वहिनीच्या छपरीतली अडगळ गेली, ते नाई सांगत. हुशार हाये बाप्पा माही वहिनी. घर झाडलं अन् ओवाळणीबी झाली."

मी हसले, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी बॅटरी आणि इन्व्हर्टर तिच्याबरोबर गेलं. फरशीवर तेजाबाचा डाग राहिला, त्यावर मी कुंडी ठेवली.

एप्रिलच्या शेवटी यांचा दम इतका वाढला की वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. दहा दिवस ठेवून घेतलं. सुट्टी देताना डॉक्टरबाई म्हणाल्या, आता घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल. हवेतूनच ऑक्सिजन काढतं, विजेवर चालतं, दिवसातले सोळा तास तरी नळी नाकात हवी. मग त्यांनी विचारलं, "घरी विजेची काय सोय आहे?"

मी म्हटलं, "सोलर आहे."

"मग उत्तम," त्या म्हणाल्या आणि पुढच्या कागदावर सही केली.

खोलीत आम्ही तिघं होतो. तिघंही शिकलेले. कोणाला काही खटकलं नाही.

मशीन आलं. उशाशी ठेवायच्या कपाटाएवढं, सतत गुरगुरणारं. चौथ्या दिवशी मी शाळेत असताना शेजारच्या काकूंचा फोन आला, "वहिनी, तुमच्या घरात काहीतरी किंचाळून राह्यलं. भाऊजी बोलत नाईत." मी स्कूटी काढली. सात मिनिटांत घरी. लाइन गेली होती. वीज बंद पडली की मशीन ओरडतं, तेच ते किंचाळणं. हे खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. पंखा बंद. मी आधी गच्चीवर धावले. मला वाटलं, पॅनलची वायर निघाली असेल. दुपारचा एक वाजला होता. पॅनलवर बोट ठेवलं तर चटका बसला. उन्हाची कमी नव्हती. खाली भिंतीवरच्या सोलरच्या पेटीवर लाल दिवा लागलेला. मी वाइंडिंगवाल्याला फोन लावला.

"लाइन गेली काय तुमच्याकडची?" त्याने विचारलं.

"लाइन गेली म्हणूनच तर सोलर पाहिजे ना! तेच बंद पडलं."

"वहिनी, ते बंदच पडते. बाहेरची लाइन गेली की आपोआप बंद. तसंच बनवलं हाये. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाईन, अन् खांबावर चढलेला माणूस मरन."

"मग लाइन नसताना ऊन असून काय फायदा?"

"बॅटरीवालं वेगळं येते. योजनेतलं बिगर बॅटरीचं हाये. मी सांगतलं होतं तुम्हाले. कागदावरबी हाये."

वीस मिनिटांनी लाइन आली. मशीन गुरगुरायला लागलं, यांच्या ओठांचा रंग परत आला. मी कपाटातून अर्जाची प्रत काढली. तिसऱ्या पानावर, सहाव्या ओळीत लिहिलं होतं: बाहेरचा वीजपुरवठा खंडित असताना ही यंत्रणा बंद राहील. पुढे चौकोन, चौकोनात खूण, खाली माझी सही. ती ओळ मी अकरा वेळा वाचली होती आणि अकरा वेळा त्या चौकोनात खूण केली होती. मला वाटलं होतं, ही नेहमीची कंपनीची भाषा असणार. शाळेत पालकांनी न वाचता भरलेले अर्ज आणले तर मी त्यांना सुनावते, सही करण्याआधी वाचत जा.

मी हातावर हात धरून बसले नाही. त्याच दिवशी वर्ध्याहून ऑक्सिजनचा एक सिलिंडर आणला. नवीन बॅटरी आणि इन्व्हर्टर घ्यायला गेले तर उन्हाळ्यामुळे दुकानं रिकामी. दुकानदार म्हणाला, आठ दिवसांनी गाडी येईल, पहिली तुमची. मी नाव लिहून आले. मग यांना म्हटलं, "आठ दिवसांपुरती बाईकडची बॅटरी आणू काय?"

यांनी नळी सरळ केली. "दिलेली ओवाळणी कोनी परत आणते काय?"

"परत नाई. आठ दिवस उसनी."

"तिच्या घरी दीड महिन्याचं लेकरू हाये. सेचाळीसचं ऊन हाये. दुपारी त्या लेकराचा पंखा बंद करू काय म्या? भाऊ हाये मी तिचा. तू फोन लावजो नको."

मी लावला नाही. हे कबूल करायला हवं की मलाही ते पटलं. आठ दिवस म्हणजे काय, निघून जातील असा विचार मी केला.

सहाव्या दिवशी, बुधवारी चार वाजता वावधान आलं. आधी धूळ, मग टिनं उडाल्याचा आवाज, मग दहा मिनिटं गारा. वारा थांबला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आडवा पडला होता आणि पुढे नजर जाईल तिथवर तारा लोंबत होत्या. जिनिंगच्या गोदामाचं अर्धं छत शेतात जाऊन पडलं. अकरा घरांवरचं एकही पॅनल हललं नव्हतं. वाइंडिंगवाल्याचं काम पक्कं होतं.

मशीन किंचाळलं, मी ते बंद केलं आणि सिलिंडर लावला. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात तो सात तास पुरला असता. तो जास्त पुरावा म्हणून हे दर थोड्या वेळाने माझी नजर चुकवून चावी कमी करत होते. मी वाढवायचे, हे कमी करायचे. रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी सिलिंडर अजून संपला नव्हता, काटा पाव भागाच्या जरा वर होता, पण यांची नखं जांभळी झाली होती.

सहा वाजता मी शेजारच्या काकूंच्या घरात जाऊन नणंदेला फोन लावला. यांना न सांगता.

तिने मला पूर्ण बोलूच दिलं नाही. "वहिनी, निघाली मी. पिकअपवाला आमच्या शेजारी राह्यते. टाकतो बॅटरी अन् येतो. दादाले सांगजो नको, चिडन तो."

त्याच वेळी मी अॅम्ब्युलन्सला फोन करायला हवा होता. केला नाही. बॅटरी निघाली होती, दहापर्यंत पोचणार होती, सिलिंडर तोवर पुरणार होता. हिशेब बरोबर होता. यांनाही दवाखाना नको होता. लाइनमन सकाळी गल्लीतून जाताना सांगून गेला होता की दुपारपर्यंत लाइन येईल. मी वाट बघायचं ठरवलं.

साडेदहाला पिकअप आली. नणंद उतरली ती बॅटरीला हात लावूनच, जणू तीच ती ढकलत आली होती. वाइंडिंगवाल्याला मी बोलावून ठेवलं होतं. त्याने जोडणी केली, मशीनची कळ दाबली आणि गुरगुर सुरू झाली. मी सिलिंडर बंद केला. इतका चांगला आवाज मी कधी ऐकला नव्हता. नणंद खाली फरशीवर बसली आणि पदराने तोंड पुसलं.

हे तिच्याकडे बघेनात. "लेकराच्या तोंडची हवा काढून आणली तुनं."

"लेकराच्या आईनंच दिली. म्हणे, मी पंख्यानं वारा घालतो, तुम्ही जा. अन् तू काऊन बोलून राह्यला? तुले बोलायची मनाई हाये."

"ओवाळणी..."

"ओवाळणी ते साडी असते. हे डबडं होतं. वहिनीनं घर झाडून दिलतं मले, आठवते का?"

हे हसले. मी चहा ठेवला. गॅसवर चहा उकळत होता, मशीन चालू होतं, काकू दारात उभ्या राहून नणंदेला तळेगावच्या बाजाराचं विचारत होत्या. पंचवीस मिनिटं झाली असतील. चहा गाळत असतानाच मशीन पुन्हा किंचाळलं.

वाइंडिंगवाल्याने इन्व्हर्टर पाहिला, मग बॅटरीची झाकणं एक-एक करून काढली. आत टॉर्च मारला. सहाच्या सहा खणांत पांढरा क्षार साचला होता, बोरिंगच्या पाण्याच्या भांड्याला आतून बसतो तसा. त्याने नणंदेला विचारलं, "ताई, यात पानी कोनतं टाकलं?"

"विहिरीचं," ती म्हणाली. "चांगलं गोड पानी हाये आमच्या विहिरीचं. वरून शुद्धबी केलं, दोन पदरी फडक्यानं गाळून टाकलं. गावात सगयेच तेच टाकते." मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काऊन? काई झालं काय?"

बॅटरीत दुकानातलं खास पाणी टाकतात, ज्यात क्षार नसतो. मी आठ वर्षं तेच टाकत होते. बॅटरी देताना मी तिला कार्ड दिलं, वायर दिली, जोडायचं कसं ते सांगितलं. पाण्याचं सांगितलं नाही. त्यांच्या घरी एका लहान पंख्यापुरती ती तग धरून होती. मशीनचा भार आला आणि संपली.

"काई नाई झालं," वाइंडिंगवाला म्हणाला. त्या दिवशी तो एवढंच खोटं बोलला.

मी सिलिंडर पुन्हा सुरू केला आणि अॅम्ब्युलन्सला फोन केला. रस्त्यावर झाडं पडली होती, ते म्हणाले दीड-दोन तास लागतील. सिलिंडरचा काटा तळाजवळ आला होता. मी वाइंडिंगवाल्याला गच्चीवर घेऊन गेले.

आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. वर्षातलं सर्वांत चांगलं ऊन वावधानानंतरच्या सकाळी पडतं, धूळ खाली बसलेली असते. अकरा छतांवर निळे पॅनल लखलखत होते, आणि त्याखालच्या अकरा घरांत एकही पंखा फिरत नव्हता. मी त्याला म्हटलं, "काहीतरी करा. ती पेटी सोडून सरळ वायर जोडा. एका मशीनपुरती."

"तसं होत नाई, वहिनी."

"तुम्ही जळालेल्या मोटरी चालू करता. एवढं होत नाई?"

त्याने गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. पडलेल्या खांबाच्या पुढच्या खांबावर लाइनमन चढला होता. आमच्याच गल्लीतला. सकाळी लाइन येईल म्हणून सांगून गेला होता तो हाच. पट्टा बांधून, उघड्या हाताने तार ओढत होता. "झालं जरी, अन् उलटी गेली जरी, त तो पहिला," वाइंडिंगवाला म्हणाला.

मी म्हटलं, "तरी जोडा."

हे मी लिहून ठेवते आहे, कारण मी ते म्हटलं होतं. लाइनमनच्या मुलीचा शाळेचा दाखला मीच बनवला आहे. तो आमच्याकडे चहा प्यायला येतो. हे सगळं मला माहीत होतं आणि मी म्हटलं, तरी जोडा. वाइंडिंगवाल्याने पान्हा खिशात टाकला. तो खाली उतरला आणि यांच्यामागे उभा राहून वर्तमानपत्राने वारा घालायला लागला.

सव्वा वाजता अॅम्ब्युलन्स आली. त्याआधी अर्धा तास सिलिंडर रिकामा होता. त्या अर्ध्या तासात नणंद यांचे पाय चोळत होती आणि सारखी म्हणत होती, दादा, शिव्या दे मले, दे ना शिव्या. यांना शिव्या देण्याइतका श्वास नव्हता.

हे वाचले. डॉक्टरबाईंनी नंतर मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की छातीत जेवढं शिल्लक होतं त्यातलं बरंच त्या दोन दिवसांत गेलं. आता सोळा तासांचं मशीन पुरणार नाही. चोवीस तास नळी, मोठं मशीन, आणि दवाखान्यापासून दहा मिनिटांच्या आत राहायचं. मी विचारलं, घरी कधी नेता येईल? त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला स्पष्ट सांगू?" मी म्हटलं, "स्पष्टच सांगा." त्यांनी सांगितलं. मी यांच्या खाटेशी गेले आणि यांनाही तसंच सांगितलं, कारण आमच्यात लपवाछपवी नाही. हे म्हणाले, "बरं." मग थोड्या वेळाने, "कुलूप नीट लावजो."

आता आम्ही वर्ध्यात आहोत, दवाखान्यामागच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत. इथे लाइन जात नाही, गेली तर पाच मिनिटांत येते, दवाखान्याचीच तार आहे. मी इथून रोज सिंदीला शाळेत जाऊन येते. तेवढा वेळ घरमालकीण येऊन-जाऊन बघते. खोलीला एक खिडकी आहे, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. हाताच्या अंतरावर भिंत. आभाळ दिसत नाही.

सिंदीचं घर बंद आहे. दुकानदाराची गाडी ठरल्या दिवशी आली होती, त्याने शब्द पाळला. नवीन बॅटरी खोक्यासकट छपरीत पडून आहे, कुंडीच्या बाजूला. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हाच येऊन पडली. बंद घरात दिवा लागत नाही, कूलर चालत नाही. छतावर जेवढी वीज तयार होते ती सगळी बाहेर तारेत जाते. गल्लीत, गावात, पुढे कुठे जात असेल तिथे. आमच्या घराने इतकी वीज कधीच दिली नव्हती.

अर्ज अजून येतात. शाळेत मधल्या सुट्टीत लोक कागद घेऊन उभे असतात. वावधानानंतर आणखी सहा घरं झाली. तिसऱ्या पानावर मी थांबते, सहावी ओळ मोठ्याने वाचून दाखवते आणि म्हणते, बॅटरी घ्या, निदान जुनी देऊन टाकू नका. लोक माना हलवतात आणि बिगर बॅटरीच्या चौकोनाकडे बोट दाखवतात. त्यांच्या घरी नळीवर कोणी नाही. मी खूण करते. पुढे-मागे पॅनलबरोबर बॅटरीही येईल, सगळ्यांना परवडेल, वावधान आलं तरी छताखाली पंखा फिरत राहील. वाइंडिंगवाला म्हणतो चार-पाच वर्षं. मला शंका नाही. आमच्या खोलीत चार-पाच वर्षं कोणी मोजत नाही.

नणंदेचा रविवारी फोन येतो. एकदा ती म्हणाली, "वहिनी, म्या ते पानी टाकलं नसतं त..." मी म्हटलं, "तर तीन तास मशीन चाललं असतं. लाइन तिसऱ्या दिवशी आली. मी पाण्याचं सांगितलं नाही, तू विचारलं नाही. झालं आता." यापेक्षा मऊ बोलता आलं असतं, पण मला तसं बोलता येत नाही. ती नातवाला दात आल्याचं सांगायला लागली.

हे अजून रोज संध्याकाळी विचारतात, "आज किती?"

सोलर चालू आहे की नाही ते मोबाइलवर इथूनही दिसतं. मे-जूनमध्ये मी खरा आकडा सांगत होते. चौदा. तेरा. साडेतेरा. यांचं तोंड तेवढ्यापुरतं उजळायचं, "अन् चारा काईच नाई," असं नळीमागून म्हणायचे. मग पावसाची झड लागली. एक दिवस मी सांगितलं, "चार."

"चार? काऊन चार? धूळ बसली असंन. कोनी पुसतच नाई तिथं." हे उठायला लागले. नळी ताणली गेली, मशीन सरकलं. पॅनल पुसायला जायचं होतं यांना. मी खांदे धरून बसवलं. त्या संध्याकाळी यांनी भाकरीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पाच युनिट झाले होते. मी म्हटलं, "बारा." तेवीस वर्षांत शाळेच्या एकाही रजिस्टरात मी खोटा आकडा लिहिलेला नाही. आता रोज सांगते. फार चढवत नाही, अकरा-बारा, कधी दहा. सारखा एकच सांगितला तर संशय येतो.

राखीच्या दिवशी सकाळपासून झड होती. नणंद एसटीने आली. छत्री असून नखशिखांत भिजलेली, पायापर्यंत चिखल. दारातच छत्री झटकली, आत पाणीच पाणी झालं. तिने ओल्या हातांनी राखी बांधली, ओवाळलं, आणि ताट मागे घेत म्हणाली, "दादा, या वर्सी ओवाळणी नको. ऐकलं काय? काईच नको."

हे तिच्या निथळत्या पदराकडे पाहत होते. मग छत्रीकडे पाहिलं. छत्रीखाली फरशीवर पाण्याचं तळं झालं होतं. मग मला विचारलं, "आज किती?"

मोबाइल माझ्या हातात होता. तीन.

"बारा," मी म्हटलं.

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. हे तिच्याकडे वळले, दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "पाह्य बाई. अशा पावसातबी बारा देते."